आई दुपारी एसी लावते

बाबा दुपारी आईशी बोलतात, हे मला हाचियाकाकूंनी फोनवर सांगितलं.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. ताजिमी गावातल्या आमच्या घराला हाचियाकाकूंचं घर इतकं खेटून आहे, की भांडण असो वा खोकला, आमच्याकडचं सगळं त्यांना आधी कळतं. त्यांचा फोन आला तेव्हा मी नागोयात, विद्यापीठातल्या कृमींच्या खोलीत होते. ही खोली बारा महिने वीस अंशांवर असते, त्यामुळे बाहेर जुलै असूनही माझ्या अंगात स्वेटर होता.

"अगं मिझुए, घाबरू नकोस, पण तुझे बाबा परत संसाराला लागलेत," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुझी आई, तोमिए, आलीय म्हणतात. रोज दुपारी येते आणि एसी लावते. रिमोट कपाटात, हे अंगणात टोमॅटोला पाणी घालतायत, आणि आत येऊन बघतात तर खोली गारेगार. मी म्हटलं, कानेयोशीभाऊ, यंत्र बिघडलंय, मेकॅनिक बोलवा. तर माझ्यावरच डोळे वटारले. म्हणाले, जन्मभर माझी भट्टी बिघडली नाही, हा एसी काय बिघडतोय."

"बोलतात म्हणजे काय बोलतात?"

"ते भिंतीतून कसं कळणार? हळू आवाजात काहीतरी चालू असतं. जिवंत असताना बायकोशी इतकं बोलले असते तर ती बिचारी माझ्याकडे बसायला आली नसती." काकू हसल्या. "आमचे हे गेले तेव्हा घरात साधा दिवा लुकलुकला नाही. जिवंतपणी आळशी, मेल्यावरही आळशी. तुझी आई बघ, तिकडून येऊन कामाला लागली."

मी काहीतरी हसल्यासारखं केलं आणि फोन ठेवला. एसी मी लावत होते.

जूनमध्ये घरी गेले होते तेव्हा पितरांच्या देव्हाऱ्यामागे काडेपेटीएवढं एक यंत्र ठेवून आले होते. प्रयोगशाळेतलंच. ते खोलीचं तापमान माझ्या फोनवर पाठवत राहतं. वरच्या फळीवर, जुन्या अल्बमांच्या आड, दुसरं एक; ते एसीला रिमोटसारखी खूण करतं. खोली तीस अंशांच्या वर गेली की एसी सुरू, सव्विसाच्या खाली आली की बंद. बाबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी दोन्ही यंत्रं उचलून, कागदात नीट गुंडाळून माझ्या पिशवीत घातली असती.

बाबांनी टाइल्सच्या कारखान्यात भट्टी सांभाळली. भट्टीच्या भोकातून ज्वाळेचा रंग बघून आत किती अंश आहेत ते सांगायचे आणि तापमापक नंतर त्यांच्याशी सहमत व्हायचा. अशा माणसाला पस्तीस अंशांचं काय कौतुक. त्यात आमचं गाव देशातल्या सगळ्यात तापणाऱ्या गावांपैकी. लोक त्याचा अभिमान बाळगतात, दुसऱ्या एखाद्या गावाचा आकडा वर गेला तर हळहळतात. "उन्हाळा आहे, गरम होणारच," एवढं म्हणून बाबा खिडकी उघडायचे आणि बाहेरची झळ आत घ्यायचे.

माझं काम सूत्रकृमींवर आहे. मिलिमीटरभर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक किडा. बशीतल्या अगारच्या जेलीवर राहतो, तिथलेच जीवाणू खातो. आई म्हणायची, ज्या अगारचं, कांतेनचं, आम्ही गोडधोड करतो त्याच्यावर तू किडे पाळतेस, आणि वर लोक तुला डॉक्टर म्हणतात. या किड्याच्या डोक्यात दोन चेतापेशी आहेत, ज्यांना उष्णता कळते. पेशीच्या टोकाला बोटांसारखे बारीक केस असतात आणि त्या केसांवर तीन जातींची प्रथिनं. ऊब वाढली की ही प्रथिनं एक छोटा निरोप्या रेणू बनवू लागतात. तो रेणू पेशीच्या आवरणातली दारं उघडतो, बाहेरचे विद्युतभारित कण आत शिरतात, पेशी जागी होते, आणि किडा वळतो. अंशाच्या शंभराव्या भागाइतका फरकही त्या पेशीला कळतो.

पण ती पेशी तापमापक नाही. आत्ता किती आहे, हे ती सांगत नाही. जिथे राहत आलो त्याच्यापेक्षा वर गेलो का, एवढंच सांगते. पंधरा अंशांवर वाढलेल्या किड्याची पेशी पंधराच्या आसपास जागी होते. त्याच किड्याला उचलून पंचविसावर ठेवा, काही तासांत तिचा उंबरठा वर सरकतो, आणि मग त्याला पंचवीसच घर वाटू लागतं. हा उंबरठा नेमका कोणत्या रेणूच्या कोणत्या भागात सरकतो, ते शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. तिन्ही प्रथिनं काढून टाकली तर किडा बशीभर कुठेही भटकतो. तडफडत नाही, गोंधळलेला दिसत नाही. आपल्याला काही कळत नाहीये, हे त्याला कळत नाही. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना थोडं हसून सांगायचे. आता सांगत नाही.

माणसाच्या कातडीतली प्रथिनं वेगळी असतात. पण वय झालं की कातडीतली चेतांची टोकं विरळ होतात, घाम उशिरा फुटतो, तहान लागत नाही. गेल्या जुलैत आई सापडली तेव्हा खोलीत अडतीस अंश होते आणि तिने पोटावर पातळ रजई ओढून घेतली होती. त्या दुपारी माझ्या फोनवर ताजिमीसाठी उष्म्याचा इशारा आला होता. माझ्या हातात बश्या होत्या. मी ठरवलं, संध्याकाळी फोन करू.

इशिगुरो माझ्याबरोबर काम करतो. तिशीचा आहे, कामाला चोख, जिभेला हाड नाही. कपाट आवरताना त्याने यंत्रं मोजली आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, तापमानाचा एक लॉगर कमी आहे. बाबांना कितीवर वाढवताय?"

"सव्वीस ते तीस."

"उपाशी नका ठेवू हं. उपाशी राहिलेला किडा त्या तापमानापासून पळ काढतो."

मी त्याला हाचियाकाकूंचा फोन सांगितला. तो हसायचा थांबला.

"मग सांगणार का त्यांना?"

"सांगितलं तर प्लग काढतील. अजून सगळा ऑगस्ट जायचाय."

"मग नका सांगू." तो बश्यांवर तारखा घालत राहिला. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाला, "किड्याला आपण सांगत नाही ताई, कारण त्याला सांगितलेलं कळत नाही."

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला. जेवलात का, टोमॅटो कसे आहेत, सगळं विचारून झालं.

"खोलीत गरम होतं का?"

"मला कुठे होतं? तुझ्या आईला होतं. ती लावते एसी."

"बरं," मी म्हणाले.

एवढंच. मी त्या 'बरं'ला नंतर पुष्कळ नावं देऊन बघितली: धोरण, दया, काळजी. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाकडे शब्दांची कमतरता नसते. बाबा दिवसातला सगळ्यात वाईट वेळ गारव्यात बसतात, आईची सोबत आहे असं त्यांना वाटतं, यात कोणाचं काय वाईट झालं? आणि मला फोन करावा लागत नव्हता. काम करता करता फोनच्या पडद्यावर एक नजर टाकली की बाबांची खोली दिसायची. रेघ वर चढली, वाकली, खाली आली. बाबा ठीक. कृमींच्या बश्यांकडे मी अशीच बघते.

ऑगस्टच्या तेराला मी घरी गेले. बोनचा पहिला दिवस, पितर घरी येतात तो. गेल्या ऑगस्टात एकोणपन्नास दिवस भरले नव्हते, म्हणून आईचा हा पहिलाच. फाटकाशी मातीच्या पसरट भांड्यात बाबांनी तागाच्या काड्या रचून ठेवल्या होत्या. देव्हाऱ्यापुढे काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय, चार-चार काड्यांचे पाय टोचलेले. येताना घोड्यावरून भरभर यायचं, जाताना गायीवरून रमतगमत जायचं.

"काकडी वाकडी आहे," मी म्हणाले.

"वाकडीच हवी. पाठीला बाक नको? बसणार कशी ती?"

हाचियाकाकू भिंतीवरून डोकावल्या. "कानेयोशीभाऊ, तोमिए तर महिनाभर आधीच येऊन बसलीय. आता घोडा कोणासाठी?"

"रीत आहे," बाबा म्हणाले. "आलेलीलासुद्धा या म्हणावं लागतं."

काड्या पेटल्या. धूर सरळ वर गेला, वारा नव्हताच. बाबा उकिडवे बसून ज्वाळेकडे बघत होते. ते बारीक झाले होते. काकूंच्या फोनवरून मी त्यांचं जे चित्र केलं होतं, बायको परत मिळालेला माणूस, ते या पाठीला नीट बसेना. पण उन्हाळ्यात सगळेच बारीक होतात, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बर्फातल्या गार नूडल्स खात होतो. बारीक शिट्टीसारखा आवाज झाला, एसीची पट्टी उघडली. बाबांनी खायच्या काड्या खाली ठेवल्या.

"बघ," ते म्हणाले.

मी बघितलं. कशाकडे बघायचं हे मला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. बाबा माझ्याकडे नाही, एसीकडेही नाही, ताटलीकडे बघत होते. आता सांगावं असं वाटलं. आता, नूडल्स गार असेपर्यंत. पण देव्हाऱ्यात आईचा फोटो, पुढे तिच्या आवडीचे तांदळाचे मोची, बाहेर छत्तीस अंश. मी सोया सॉसची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

सोळाला संध्याकाळी पितरांना निरोप द्यायचा होता. मला चिंता पडली ती सकाळीच. आई आज जाणार. मग उद्या दुपारी एसी कोण लावणार? बाबांच्या हिशेबाने तो लागता कामा नये. आणि हवामानखात्याने तर उद्या अडतीस सांगितले होते. एका दिवसापुरता बंद ठेवावा, मग काहीतरी निमित्त काढून इथे येऊन राहावं, असं मनात आलं. पण गेल्या वर्षी एकच दुपार लागली होती.

मी फोनमध्ये काहीही बदललं नाही. लागेल. बाबांना वाटेल, आई आणखी दोन दिवस राहिली. आनंदच होईल त्यांना. असं मी खरंच मानलं होतं.

संध्याकाळी फाटकाशी पुन्हा काड्या पेटवल्या. बाबांनी वांग्याची गाय विस्तवाजवळ ठेवली, तोंड बाहेरच्या बाजूला करून.

"जा आता," ते म्हणाले. "सावकाश जा."

त्यांच्या आवाजात सुटका होती. मला ती ऐकू आली. मी तिचा अर्थ लावला नाही आणि शेवटून दुसरी गाडी पकडून नागोयाला परतले.

सतराला दुपारी त्यांचा फोन आला. बाबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

"मिझुए, ती गेली नाही."

"बाबा—"

"आत्ता परत लावला तिने. मी मठातल्या गुरुजींना बोलावतोय. काहीतरी पाठ करावे लागतील. तू रजा घेऊ नकोस, नुसतं सांगायला फोन केला. तिला जाता येत नाहीये आणि ते माझ्यामुळे." त्यांनी फोन ठेवला.

मी इशिगुरोला बश्या बघायला सांगितलं आणि स्वेटरसकट स्टेशनवर गेले.

घरी पोचले तेव्हा बाबा एसीखाली बसले होते. मांडी नाही, गुडघे दुमडून, औपचारिक. असं ते फक्त मठात बसतात. पुढ्यात चहाही नव्हता.

"गुरुजी उद्या येतात म्हणाले," बाबांनी सांगितलं.

"बाबा, मला काही सांगायचंय."

"आधी माझं ऐक. तुला माहीत असायला हवं." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "त्या दिवशी एसी चालू होता. तिने लावला होता. मी आळीच्या समितीच्या बैठकीला निघालो तर ती झोपली होती, आणि तिचे गुडघे, तुला माहीत आहे, गार वारा लागला की दुखायचे. मी बंद केला. खोली मला गारच वाटली गं. मला चांगली गार वाटली. बैठकीनंतर चहाला थांबलो."

मी वर एसीकडे बघितलं.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, तिला एसी आवडायचा नाही. तुलाही तेच सांगितलं. कोणाला सांगितलं नाही मी. फक्त तिला माहीत होतं. मग या जुलैत, बरोबर दुपारी, तो लागला. मला कळलं. तू बंद केलास ना, बघ, मी लावते. रोज लावते. बस त्याच्याखाली. मी बसायचो. मान खाली घालून बसायचो, गार होईपर्यंत. माफी मागायचो. तुझ्या हाचियाकाकूला वाटतं मी गप्पा मारतो. म्हटलं, बोनला येईल, जेवेल, परत जाईल, संपेल. तर आज पुन्हा."

जवळजवळ सगळा जुलै आणि निम्मा ऑगस्ट. मी पडद्यावर रेघ वर चढताना बघितली होती, वाकताना, खाली येताना. बाबा ठीक.

"बाबा, आई नव्हती. मी होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी उठले, देव्हाऱ्यामागून ते यंत्र काढलं, फळीवरून दुसरं काढलं, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. काय कशाचं ते सांगितलं. माझा आवाज वर्गात असतो तसा स्वच्छ येत होता, आणि त्याची मला लाज वाटत होती.

बाबांनी लहान यंत्र तळहातावर घेतलं. भट्टीच्या चटक्यांनी गुळगुळीत झालेला तळहात.

"तिच्या पाठीमागे ठेवलं होतंस."

"हो."

"तेराला पण? चौदाला, जेवताना?"

"हो. तुम्ही एसी लावणार नाही म्हणून. तुम्हाला गरम झालेलं कळत नाही, बाबा. हट्ट नाही तो. आईलाही कळत नव्हतं. उंबरठा सरकतो, माझ्या किड्यांमध्येही... म्हणजे माणसात वेगळं असतं, पण तुम्हाला खोली गार वाटली, तर ती खरोखर वाटली. तुमचा दोष नाही त्यात."

"तुझा किडा दुसऱ्या किड्याचा एसी बंद करतो का?"

मी नाही म्हणाले.

"मग त्याचं मला नको सांगू."

बाहेर हाचियाकाकू पाण्याची बादली तापलेल्या रस्त्यावर ओतत होत्या; पाणी पडल्याचा आवाज आला, मग चपलांचा. बाबांनी यंत्र जमिनीवर ठेवलं, अगदी हळू.

"म्हणजे ती रागावलेली नाही," ते म्हणाले.

"नाही."

"हे तुला काय माहीत? तुला तर काहीच माहीत नाही. मला वाटत होतं मला माहीत आहे." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच राहू दिलं. "रागावलेली का होईना, घरात होती गं."

आई गेली त्या दुपारी इशारा येऊनही फोन करायचा राहिला, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं, किंवा जणू ते एवढंसंच होतं. मग मी जमिनीवर डोकं टेकून माफी मागितली. त्यांनी मला उठ म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुष्कळ वेळाने ते म्हणाले, "बंद कर आणि परत लाव. तुझ्या फोनवरून. बघू दे मला."

मी बंद केला. पट्टी मिटली. खोलीत एकदम भिंतीपलीकडच्या झाडावरची रातकिड्यांसारखी किरकिर भरली. मी परत लावला. बारीक शिट्टी झाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या हातातला फोन त्यांना दिसत असताना, बाबांची मान खाली गेली. त्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी ती वर घ्यायचा प्रयत्न केला.

"राहू दे चालू," ते म्हणाले. "गुरुजींना मी नको म्हणून कळवतो. पण उद्यापासून लावायच्या आधी फोन कर. एकदम लागला की..."

"करते."

"रोज करावा लागेल."

"करते, बाबा."

दुसऱ्या दिवशी रेघ वर चढू लागली तशी मी कृमींच्या खोलीतून बाहेर आले. आपोआप लागण्याची सोय मी रात्रीच काढून टाकली होती. पहिल्या दोन रिंगांना त्यांनी फोन उचलला नाही. मग उचलला.

"बाबा, मी. एसी लावू का?"

"किती झालेत?"

"एकतीस."

"मला काहीच वाटत नाहीये."

"माहीत आहे."

"जेवलीस का?"

"अजून नाही. तुम्ही?"

"टोमॅटो खाल्ले. आता लाव."

मी लावला. शिट्टी मला फोनमधून ऐकू आली, आणि त्यानंतर काहीच नाही. बाबांनी फोन ठेवला नव्हता. मीही ठेवला नाही. तिकडे खोली गार होत होती. आकडा खाली येताना मी बघू शकले असते, पण त्यासाठी फोन कानापासून दूर करावा लागला असता.